दुसऱ्याच्या वाट्याचा भरवसा

"देवाच्या मनात असेल तसं होईल, तू पासिंगपुरता इन्शुरन्स काढ." महाराष्ट्रातल्या कुठल्याही टेम्पो स्टँडवर अशा अर्थाचे बोलणे कानावर पडते, आणि बोलणाऱ्याची श्रद्धा खोटी नसते. दसऱ्याला त्याने गाडी धुऊन काढलेली असते, बॉनेटवर झेंडूची माळ घातलेली असते, नारळ फोडून पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलेले असते. त्याच गाडीत, डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीत, आरसी बुक, फिटनेस आणि पीयूसीच्या घडीत विम्याचा कागद असतो. तो मात्र कुणी वाचलेला नसतो. वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात उद्याचा सगळा भार देवावर टाकला आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात आरटीओची तपासणी टळेल एवढीच सोय पाहिली आहे. दोन्ही अर्धे एका दमात बोलले जातात, म्हणून त्यांच्यात काही विसंगती आहे असे कुणाला वाटत नाही. मला वाटते. ज्या गाडीवर पोट आहे त्या गाडीचा विमा उतरवणे श्रद्धेच्या आड येते का, आणि येत नसेल तर श्रद्धावान माणसाने तो निवडावा कसा, हा प्रश्न आधी धर्माचा आहे. हिशेब त्याच्या मागून येतो. धर्माची बाजू नीट लावली नाही तर हिशेबही चुकतो, असे माझे म्हणणे आहे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. मालवाहू छोट्या गाडीला आपण सरसकट टेम्पो म्हणतो. पुण्याच्या फिरोदियांनी 1958 मध्ये जर्मन कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो उभी केली, तिथून हा शब्द आला आणि पुढे 2005 मध्ये टाटांचा 'छोटा हत्ती' रस्त्यावर आला तरी शब्द टिकला. या टेम्पोच्या विम्याच्या एकाच कागदात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने तिऱ्हाइताचा जीव गेला, तो जायबंदी झाला किंवा त्याच्या मालमत्तेची नासधूस झाली तर त्याला द्यायची भरपाई. दुसरी ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचे नुकसान किंवा चोरी. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 146 फक्त पहिल्याची सक्ती करते; ती मोडली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी 2,000 रुपये आणि पुन्हा सापडल्यास 4,000 रुपये दंड आहे, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. दोन्ही मिळून असेल तर लोक त्याला 'फुल इन्शुरन्स' म्हणतात. आता एवढे ध्यानात घ्या की थर्ड पार्टीतला एक रुपयाही गाडीमालकाच्या खिशात कधी येत नाही. तो येतो रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या, मालकाला नावानेही ठाऊक नसलेल्या माणसाच्या घरी. त्यामुळे विमा म्हणजे स्वतःच्या जिवाची आणि मालाची धास्ती, ही जी समजूत सगळ्या धार्मिक शंकेच्या मुळाशी आहे, ती सक्तीच्या अर्ध्या भागाला लागूच पडत नाही.

इथे तुकोबांची एक गोष्ट मदतीला येते. महिपतींनी अठराव्या शतकात जी संतचरित्रे लिहिली त्यांतून ती घरोघरी पोहोचली. देहूच्या त्या घरात पिढीजात सावकारी होती, लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते होती. तुकोबांनी विरक्तीच्या भरात ती इंद्रायणीत बुडवली, एवढे बहुतेकांना आठवते. पण परंपरा त्याआधीची एक गोष्ट सांगते, तिच्याकडे लक्ष कमी जाते. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला की या खतांत माझाही वाटा आहे आणि मला संसार चालवायचा आहे. तेव्हा खतांची वाटणी झाली. कान्होबाचा अर्धा वाटा त्याच्या हाती दिला गेला, आणि नदीत गेला तो फक्त तुकोबांचा अर्धा. मराठी भक्तिपरंपरेत देवावर टाकलेल्या भरवशाचे याहून मोठे उदाहरण सापडणार नाही, आणि त्या उदाहरणातच भरवशाची हद्द आखून दिलेली आहे. आपल्या हक्काचे आहे ते माणूस देवाच्या स्वाधीन करू शकतो. दुसऱ्याच्या हक्काचे आहे ते देवाच्या नावाने सोडून द्यायला तो मोकळा नाही. थर्ड पार्टी विमा टाळून "पांडुरंग बघून घेईल" म्हणणारा टेम्पोमालक कान्होबाचा वाटा नदीत फेकत असतो. ज्याचा पाय त्याच्या चाकाखाली येऊ शकतो, त्या अनोळखी माणसाने आपला वाटा सोडला आहे का, हे त्याला कुणी विचारलेले नसते.

गाडी चालवणाऱ्याच्या आणि गाडी ज्याची आहे त्याच्या जबाबदारीचा हा विचार मोटारीबरोबर जन्मलेला नाही. मनुस्मृतीतल्या विषमतेचा निषेध म्हणून बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी तिचे दहन झाले, आणि तो निषेध न्याय्यच होता. पण जुना कायदा म्हणून तिच्या आठव्या अध्यायातली बैलगाडीच्या अपघातांची चर्चा वाचण्यासारखी आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक तुटले, सारथ्याने "बाजूला व्हा" असे ओरडून सांगितले, अशा दहा प्रसंगी दोष धरू नये असे तिथे म्हटले आहे. उरलेल्या प्रसंगी मात्र दंड आहे. आणि बारकावा असा की गाडी हाकणारा कुशल असेल तर दंड त्याला. अडाणी माणसाच्या हाती कासरा दिला असेल तर दंड मालकाला. यहुदी आणि ख्रिस्ती परंपरेला प्रमाण असलेल्या निर्गम ग्रंथात, एकविसाव्या अध्यायात, मारक्या बैलाचा कायदा आहे. बैल मारका आहे हे मालकाला माहीत असून त्याने त्याला आवरले नाही आणि माणूस मेला, तर बैलाबरोबर मालकही गुन्हेगार ठरतो. एवढ्या दूरदूरच्या दोन समाजांना एकच गोष्ट दिसली होती. जड, वेगाची, सहज आवरता न येणारी वस्तू रस्त्यावर आणणाऱ्याने तिचा फायदा घरी न्यायचा आणि तिचा धोका रस्त्यावर सोडून द्यायचा, हे धर्माला मान्य नाही. दीड टनाचा भरलेला पिकअप पहाटे मार्केट यार्डाकडे निघतो तेव्हा तो त्या मारक्या बैलाच्याच जागी असतो.

शतपथ ब्राह्मणात माणसाच्या जन्मजात ऋणांची मोजणी आहे. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ही तीन ऋणे सर्वांना माहीत असतात; तिथे चौथे मनुष्यऋणही सांगितले आहे, आणि ते अतिथीला अन्न-आसरा देऊन फेडायचे असते. अतिथी म्हणजे ओळखीपाळखीशिवाय दारात आलेला. आपल्या काळात अनोळखी माणूस दारात कमी येतो, बंपरसमोर जास्त येतो. त्या माणसाचे देणे किती, याचे उत्तर न्यायालयांनी आकड्यांत दिले आहे. रोज पाचशे रुपये कमावणारा, पस्तिशीचा, चार माणसे पोसणारा भाजीविक्रेता अपघातात गेला असे धरू. वर्षाचे 1,80,000. वय चाळिशीच्या आत आणि धंदा स्वतःचा, म्हणून पुढच्या वाढीपोटी 40 टक्के धरायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये ठरवून दिले, झाले 2,52,000. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले 1,89,000. या वयाला 2009 च्या निकालातला गुणक 16. म्हणजे 30,24,000 रुपये, आणि अंत्यविधी वगैरेची रक्कम वेगळी. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टीचा वार्षिक हप्ता जून 2022 पासूनच्या सरकारी दरपत्रकात कर सोडून 16,049 रुपये आहे. एका भाजीविक्रेत्याच्या घराचे देणे 188 वर्षांच्या हप्त्यांएवढे भरते. इतके देणे एका टेम्पोमालकाकडून कधीच फिटणार नाही. विमा नसेल तर दावा प्राधिकरणाचा हुकूम हातात असूनही भाजीविक्रेत्याच्या विधवेला जे मिळेल ते जप्तीत निघालेल्या टेम्पोच्या किमतीएवढे, तेही मिळाले तर.

यावर सगळ्यात जुना आणि सगळ्यात गंभीर आक्षेप प्रारब्धाचा आहे. ज्याच्या कपाळी जे लिहिले आहे ते चुकत नाही, मग कागद काढून काय होणार? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण याच समजुतीच्या आधाराने लाखो माणसे दुःखात उभी राहिली आहेत. पण तो विम्याला लागू होत नाही, कारण विमा अपघात टाळतो असा दावा कुणी करतच नाही. प्रारब्धात अपघात असेल तर तो होईल. झाल्यावर त्याचा भार कुणाच्या घरावर पडावा, एवढेच विमा ठरवतो. आणि तो निर्णय आज, आपल्या हाताने, शुद्धीत घेतलेला असतो. तो कपाळावर लिहिलेला नाही, प्रस्तावाच्या अर्जावर लिहिलेला आहे. अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो की दैव मोठे की पुरुषार्थ, तेव्हा भीष्म दैवाला बियाची आणि प्रयत्नाला शेताची उपमा असलेला जुना संवाद सांगतात. शेत नसेल तर बी रुजत नाही. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्यात कर्मविपाकाबरोबर आत्मस्वातंत्र्याचे प्रकरण जोडले आहे, ते याच गाठीसाठी. पूर्वकर्म भोगायचे असले तरी पुढचे कर्म कसे करायचे याचे स्वातंत्र्य माणसाला नाही असे मानले, तर सगळा धर्मोपदेशच निरर्थक होतो. आणि खरे तर प्रारब्धाचे नाव सांगणारा माणूसही घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकतो, लायनर घासले की बदलतो. ब्रेक प्रारब्धाच्या आड येत नसेल तर पॉलिसीही येत नाही.

भिवंडी-मालेगावकडच्या कापडाच्या गाठी वाहणाऱ्या टेम्पोंचे बरेच मालक मुसलमान आहेत, आणि त्यांच्यापुढे प्रश्न निराळ्या शब्दांत उभा राहतो. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीचा विमा म्हणजे अनिश्चिततेचा सौदा, त्यात जुगाराचा आणि व्याजाचा अंश, म्हणून जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने 1985 मध्ये तो अमान्य केला. पण त्याच ठरावात परस्पर सहकार्याच्या विम्याला मान्यता दिली, आणि कायद्याने सक्तीच्या असलेल्या वाहन विम्याला अनेक उलेमांनी सूट दिलेली आहे. या सवलतीमागे केवळ नाइलाज नाही. इस्लामी न्यायशास्त्रात 'आकिला'ची जुनी व्यवस्था आहे. एखाद्याच्या हातून चुकून माणूस मेला तर मृताच्या वारसांना द्यायची दियत त्याचे सगळे कुळ मिळून भरते, कारण एकट्याने ती भरली तर तोही बुडेल आणि मृताचे घरही उपाशी राहील. थर्ड पार्टी विम्याचा गाभा नेमका हाच आहे. कुळाच्या जागी हप्ता भरणारे लाखो अनोळखी गाडीमालक आहेत, एवढाच फरक. जुगाराचा आक्षेप मी ओन डॅमेजबाबत समजू शकतो. दुसऱ्याच्या रक्ताच्या मोबदल्याची तजवीज करण्याला जुगार म्हणता येत नाही. आणि हेच उत्तर त्या नेहमीच्या हळहळीलाही आहे, की वर्षभर काही झाले नाही, हप्ता फुकट गेला. तो फुकट गेला नाही. त्यातला काही भाग कमिशन आणि कचेरीच्या खर्चात गेला हे खरे, पण उरलेला कुठल्या तरी तालुक्यातल्या जखमीच्या घरी गेला. याला दान म्हणून मिरवू नये, कारण तो करार आहे. पण भिशीत यंदा आपला नंबर लागला नाही म्हणून कुणी भिशी बुडाली म्हणत नाही.

विम्यामुळे माणूस बेफिकीर होतो, कंपनी भरेल म्हणून पाय ॲक्सिलरेटरवर जड पडतो, हा आक्षेप अर्थशास्त्रातही मांडला जातो आणि नीतीतही. यात तथ्य आहे. पण विमा फक्त पैशाचा भार हलवतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंतची कैद आहे, आणि ती कंपनी भोगत नाही. पापाचे म्हणाल तर कुठल्याही परंपरेत ते हप्ता भरून दुसऱ्याच्या खाती घालता येत नाही. बेफिकीर माणूस विम्याशिवायही बेफिकीरच असतो. फरक इतकाच की मग त्याच्या बेफिकिरीची किंमत पायी चालणारा मोजतो.

गरिबीचा आक्षेप मला जास्त टोचतो. गाडीचा बँकेचा हप्ता, डिझेल, टोल, टायर, रोडटॅक्स भागवून महिन्याकाठी हातात थोडेच उरणाऱ्या माणसाला 16,049 रुपये एकरकमी भरा म्हणणे सोपे नाही, आणि ही रक्कम सोयीच्या हप्त्यांत घेण्याची व्यवस्था सरकारने करावी असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही या अडचणीतून दुसऱ्याचा वाटा बुडवण्याचा हक्क निघत नाही. रस्त्यावर टेम्पोसमोर येणारा माणूस बहुतेक वेळा टेम्पोमालकाहून गरीब असतो. तो पायी असतो किंवा सायकलवर. पैसे कमी असतील तर काटछाट कुठे करायची याचा क्रम याच विचारातून ठरतो, आणि लोक नेमका उलटा क्रम लावतात. पॉलिसीत मृत्यू आणि शारीरिक इजेच्या भरपाईला रकमेची मर्यादा नसते, पण तिऱ्हाइताच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांची मर्यादा असते, आणि थोड्या सवलतीसाठी ती 6,000 रुपयांवर आणण्याचा पर्याय असतो. एजंट तो स्वस्ताईचा उपाय म्हणून सुचवतो. कुणाची टपरी, कुणाची रिक्षा सहा हजारांत उभी राहत नाही. तिथे वाचवू नये. वाचवायचे असेल तर दहा वर्षे जुन्या, पत्रा गंजलेल्या टेम्पोच्या ओन डॅमेजवर वाचवावे, कारण ते नुकसान आपले आहे.

आपले म्हणजे कुणाचे, असे मात्र कुणी विचारले तर? तुकोबांचे उदाहरण घ्यायचे तर त्यांच्या पत्नीचे, जिजाईचे काय, हा प्रश्न मी टाळणार नाही. नदीत बुडालेल्या अर्ध्या वाट्यात तिचा आणि लेकरांचा घास होता, आणि घरातली चूल तिलाच पेटवायची होती. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. संतांच्या विरक्तीचे मोल वेगळे. ज्याने कर्ज काढून टेम्पो घेतला आणि त्यावर घर उभे केले, त्या गृहस्थाचा 'आपला वाटा' फार लहान असतो. ती गाडी एकट्याची नसते. म्हणून कर्ज फिटेपर्यंत, आणि दुसरी गाडी घेण्याची ऐपत येईपर्यंत, ओन डॅमेज हेही देणेच आहे, घरातल्यांचे. गाडीमालक स्वतः चालवत असेल तर त्याच्या मृत्यूसाठी किंवा कायमच्या अपंगत्वासाठी 15 लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, ते त्याच कारणाने घ्यायचे. इथे कागद वाचणे आले. गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, पहिल्या सहा महिन्यांनंतर 15 टक्के आणि चार वर्षांनंतर 50 टक्के घटवून धरतात. सहा लाखांचा टेम्पो पाचव्या वर्षी चोरीला गेला तर तीन लाख हातात येतात. हप्ता कमी बसावा म्हणून आयडीव्ही आणखी खाली ओढणारे असतात, ते स्वतःच्याच घराच्या वाट्यातून कापतात. आणि व्यावसायिक गाड्यांच्या पॉलिसीत एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेट, बाजूचे पत्रे, बंपर आणि रंग यांचे नुकसान मूळ पॉलिसीत धरलेले नसते. त्यासाठी 'आयएमटी 23' नावाची जोड वेगळा हप्ता भरून घ्यावी लागते. टेम्पो ठोकला की आधी हेच भाग जातात. गॅरेजमध्ये बिल हातात आल्यावर "फुल इन्शुरन्स होता ना?" असे विचारणाऱ्या माणसाने काही फसवणूक झाली म्हणण्याआधी हा एक आकडा आपल्या कागदावर शोधावा.

कंपन्या दावे नाकारतात, मग त्यांच्यावर विश्वास का ठेवावा, ही तक्रार खरी आहे. तिऱ्हाइताच्या बाबतीत न्यायालयांनी ती बरीच आवरली आहे. चालकाचा परवाना बनावट निघाला तरी कंपनीने आधी पीडिताला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये दाखवला. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतची व्यावसायिक गाडी चालवता येते, हे नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाने नक्की केले. ओन डॅमेजमध्ये मात्र बऱ्याच नकारांचे मूळ आपल्याच अर्जात असते. विम्याचा करार परम सद्भावाचा मानला जातो, म्हणजे दोन्ही बाजूंनी सत्य सांगायचे. खासगी म्हणून नोंदवलेल्या व्हॅनमधून भाड्याने माल वाहायचा, फिटनेस संपलेला ठेवायचा, जुना टेम्पो घेऊन पॉलिसी आधीच्या मालकाच्याच नावावर ठेवायची, आणि मग कंपनीकडून सचोटीची अपेक्षा करायची, हे जमत नाही. सत्यनारायण घालणाऱ्या घरात अर्जावरचा रकाना खोटा भरला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. एखादा म्हणेल, थर्ड पार्टी कायद्यानेच सक्तीची आहे, मग सक्तीने केलेल्या गोष्टीत धर्म कसला? बरोबर आहे. म्हणूनच निवडीची खरी परीक्षा कायदा जिथे थांबतो तिथे होते, आणि ती जागा टेम्पोच्या हौद्यात आहे. लग्नसराईतला केटररचा टेम्पो डोळ्यांसमोर आणा. पातेली, शेगड्या, गॅसच्या टाक्या, खुर्च्यांच्या चळती, आणि त्यांच्यामधे पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या, एका हाताने फाळक्याची साखळी धरलेल्या वाढपी बायका. मंडपवाल्याच्या गाडीत बांबूंवर बसलेली पोरे. या माणसांचे स्थान काय? चालक आणि गाडीच्याच कामावरचा माणूस यांची जबाबदारी कामगार भरपाईच्या कायद्यापुरती पॉलिसीत येते. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस मालाबरोबर असेल तर 1994 च्या दुरुस्तीने तोही येतो. बाकीच्यांचे काय, यावर 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उदार निकाल दिला होता, पण 2002 मध्ये तो फिरवला. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी कंपनीवर नाही. ती मालकावर उरते, आणि मालकाची ऐपत किती ते आपण वर पाहिलेच. म्हणजे रस्त्यावरच्या परक्याची सोय कायद्याने लावली, आणि ज्यांच्या कष्टावर त्या दिवसाचे भाडे सुटते त्या माणसांची लागली नाही. गाडीच्या कामावरच्या आपल्या माणसांसाठी जादा जबाबदारीची जोड घेता येते आणि ती स्वस्त असते, ती घ्यावी. पण हौद्यात दहा माणसे बसवण्याची सोय कुठल्याही पॉलिसीत नाही, आणि नसावीच. त्यांच्यासाठी प्रवासी गाडी करावी किंवा एसटीचे तिकीट काढावे. काही देणी हप्त्याने फिटत नाहीत, ती वागण्यानेच फेडावी लागतात.

तेव्हा टेम्पोमालकांना माझी विनंती एवढीच आहे. यंदा खंडेनवमीला गाडीची पूजा मांडाल तेव्हा कप्प्यातला तो कागद बाहेर काढा आणि बाहेरून आत या क्रमाने वाचा. आधी रस्त्यावरचा माणूस, मग गाडीवर कामाला असलेला, मग घर, आणि सगळ्यात शेवटी पत्रा आणि रंग. मालमत्तेची मर्यादा किती लिहिली आहे, कामावरची किती माणसे धरली आहेत, गाडीचा वापर काय म्हणून नोंदवला आहे, आणि 'आयएमटी 23' आहे की नाही, एवढे पाहायला दहा मिनिटे पुरतात. मुदतीची तारीखही पाहून ठेवा. पॉलिसी त्या तारखेच्या मध्यरात्री संपते, आणि दूध, भाजी आणि वर्तमानपत्रांचे टेम्पो त्यानंतर दोन-तीन तासांतच रस्त्यावर येतात.